कूलरसमोरची गिटार

मी आयुष्यभर भाव केला. इतवारीत हातगाडीवर पितळेचे लोटे विकत होतो तेव्हाही, आणि त्याच गल्लीत भांड्यांचं स्वतःचं दुकान झालं तेव्हाही. ठरल्यापेक्षा कमी देऊन माझ्याकडून कोणी सुटत नाही, असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण ठरल्यापेक्षा जास्त देऊन एक माणूस सुटला. त्याच्यावरचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. रेडिओच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणारा तो एक मिस्त्री होता. त्याच्याइतकं सफाईचं काम मी नंतर कुठं पाहिलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो. पुढे माझा राग वाचताना ते ध्यानात असू द्यावं.

ऐंशी साल उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिनं कोणाला तरी गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवताना ऐकलं. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, ती हवाईयन गिटार. त्या वर्षांत नागपुरात तिचं बरंच वेड होतं. पोरगी घरी आली ती शिकायचं म्हणूनच.

धंतोलीत एक बाई शिकवायच्या. एकट्या राहत. पन्नाशी उलटलेली, पांढरं पातळ, बोलणं मोजकं. मी मुलीला घेऊन गेलो आणि फी विचारली. त्यांनी सांगितली. मी सवयीनं निम्मी सांगितली. माझ्या धंद्यात ही शिवी नाही, ही बोलण्याची सुरुवात असते. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "भाव करायचा असेल तर इतवारीत करा. इथं शिकवणं चालतं."

मी मुलीचा हात धरून तडक बाहेर आलो. रस्त्यात जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून मुलगी परस्पर बाईंकडे गेली आणि व्हरांड्यात बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी बाईंनी तिला आत घेतलं. अट एकच घातली, "वडिलांना आणू नकोस."

ही अट मला मुलीनं सांगितली नाही. बायकोनं सांगितली, आणि सांगताना ती हसत होती.

दोन वर्षं पोरगी शिकली. फी महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण जायची, त्यात मी कधी कुचराई केली नाही. गिटार मात्र घेतली नव्हती. घेणार होतो. पण दुकानदार भाव सोडत नव्हता आणि मीही सोडत नव्हतो. मुलगी बाईंकडच्याच गिटारीवर शिकायची आणि घरी पोळपाटावर बोटं फिरवायची.

एप्रिलच्या शेवटी बाई बहिणीकडे जबलपूरला निघाल्या. दोन महिने राहणार होत्या. जाताना त्यांनी स्वतःची गिटार मुलीच्या हातात दिली. वर्गातली नव्हे, स्वतःची. मधाच्या रंगाचं लाकूड, त्यावर काचेसारखा लॅकरचा थर. त्यांच्या वडिलांनी कलकत्त्याहून आणवलेली. वर्गातल्या इतर पोरी तिला हातही लावू शकत नसत. बाईंनी फक्त एवढंच सांगितलं, "उन्हाची झळ लागू देऊ नकोस. जून अखेर परत घेईन."

मुलगी रिक्षातून ती गिटार तान्ह्या मुलासारखी घेऊन आली. तिचा चेहरा पाहून मी मनात म्हटलं, आता त्या बाईला दाखवून देतो वस्तू कशी सांभाळतात ते.

मे महिन्यात नागपुरात घरातली सगळ्यात चांगली जागा कोणती, हे इथल्या माणसाला विचारावं लागत नाही. कूलरसमोरची. जावई आला की त्याची खाट तिथं पडते, घरचे लोक सरकून घेतात. आमच्याकडे तिथं माझी खाट होती. ती मी उचलली. एक स्टूल ठेवलं, त्यावर गादी, गादीवर गिटार. वाळ्याच्या ताटीतून गार, ओली हवा थेट तिच्यावर. दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात चटईवर पडत होतो आणि रात्री गच्चीवर झोपत होतो. झळ लागू देऊ नको म्हणाली ना बाई? घे म्हटलं, वाराही गरम लागू देत नाही.

पंधरा दिवसांनी मुलीची हाक आली. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिघडलं आहे.

तारा जिथं खाली अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी, तिला घोडी म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला तळहाताएवढ्या भागात लॅकर लाकडापासून सुटलं होतं. उकळून गार झालेल्या दुधावर साय सुरकुतते तसं. खालचं मधाच्या रंगाचं लाकूड दिसेनासं झालं होतं आणि वर पांढुरकी, मेलेली चमक आली होती. मी पाहिलं आणि अंगठ्यानं दाबलं. बसेल असं वाटलं. कट्‌ आवाज झाला आणि चार आण्याच्या नाण्याएवढा एक तुकडा सुटून माझ्या अंगठ्याला चिकटून वर आला.

मी कूलरवाल्याला शिव्या दिल्या. गिटार बनवणाऱ्याला दिल्या. मग मुलीवर ओरडलो, की तू काहून लक्ष ठेवलं नाही.

बायको म्हणाली, "तिच्यावर काहून ओरडून राहिले? खाट तुमीच हलवली. आता कूलरवर ओरडा, तो ऐकून घेईल."

मुलगी रडत नव्हती. तुकडा तिनं माझ्या अंगठ्यावरून अलगद काढला आणि वहीच्या कागदात पुडी बांधून ठेवला. म्हणाली, "बाबा, आता मला बाई शिकवणार नाहीत." यात तक्रारीचा सूरही नव्हता. दोन दिवस व्हरांड्यात बसून तिनं मिळवलेली जागा मी माझ्या हुशारीनं घालवली होती. शिवाय बाईंचं माझ्याबद्दलचं मत बरोबर ठरणार होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ही दुसरी गोष्टच जास्त टोचत होती. पहिली रात्री टोचायला लागली.

फर्निचरवाल्यांना विचारलं. सगळ्यांचं एकच, सगळा थर खरवडून नवा मारावा लागेल. म्हणजे वस्तू दुसरीच दिसणार. शेवटी आमच्या गल्लीच्या मागं रेडिओच्या पेट्या करणारा मिस्त्री आठवला. त्याचं दुकान म्हणजे एक खोली, पुढं ओटा. दारात रेडिओ रचलेले. एक उघडून ठेवला होता, त्यातून करडी राख ओट्यावर सांडली होती.

"कोराडीच्या बिजलीघराच्या कॉलनीतला हाय," तो म्हणाला. "गानं कमी, राख जास्त." मग त्यानं गिटार घेतली. थेट तिच्या भोकाला नाक लावलं.

"कूलरसमोर ठेवली होती," तो म्हणाला.

"तुमाले कसं समजलं?"

"आतून वाळ्याचा वास येऊन राहिला." त्यानं गिटार खाली ठेवली. "शेठ, या गावातले लोक लाडाची वस्तू कूलरसमोर ठेवतात. रेडिओ म्हना, लग्नातला फोटो म्हना. मग माझ्याकडे आणतात. जावयाले कूलर पायजे जी, लाकडाले नाई."

मी पुडी पुढं केली. त्यानं उघडून पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुकडा सांभाळून आनला, हे चांगलं केलं."

ते मुलीनं केलं होतं, हे मी सांगितलं नाही.

मग भाव सुरू झाला. त्यानं करंगळीच्या वाढवलेल्या नखानं लॅकरवर टकटक केली. जिथं थर घट्ट होता तिथं आवाज भरीव, जिथं सुटला होता तिथं कागदासारखा पोकळ. टकटक करत त्यानं पेन्सिलीनं हवेतच हद्द दाखवली, इथपासून इथपर्यंत. नजरेला दिसत होतं त्याहून सुटलेला भाग मोठा होता. त्यानं रक्कम सांगितली, मी कमी केली. तो गप्प बसला. मी थोडी वाढवली. तो गप्पच. गप्प माणसाशी भाव करणं फार कठीण असतं, कारण आपण आपल्याशीच बोलत राहतो.

मग तो म्हणाला, "वरतीबी एक हाय. भोकाच्या बाजूनं. चिंचोक्याएवढा. जुना दिसते."

मला वाटलं, झालं, आता हा माप वाढवणार. शिंपी असंच करतो, एक खोच शिवायला दिली की दुसरी दाखवतो. मी वर पाहिलंही नाही. "वरचं राहू द्या. फक्त घोडीखालचं करायचं. तेवढ्याचेच पैसे."

"बरं," तो म्हणाला. ठरलं.

बाई यायच्या आत आणि हवेत ओल यायच्या आत काम व्हायला हवं होतं. मला विश्वास नव्हता. वस्तू दुसऱ्याची, मिस्त्री अनोळखी. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचंच, म्हणून मी रोज त्याच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. राखण करायला गेलो होतो. मग राखण विसरलो.

पहिले सहा दिवस त्यानं काहीच केलं नाही. गिटार आतल्या कोरड्या कोपऱ्यात, सावलीत, तारा सैल करून ठेवून दिली. मी रोज विचारायचो, सुरू कधी करता? तो म्हणायचा, "सुरूच हाय. लाकूड पानी सोडून राहिलं." सातव्या दिवशी त्यानं पुन्हा भोकाला नाक लावलं आणि मान हलवली. वास गेला होता.

मग त्यानं पंखा बंद केला. मे महिना, दुपारचे बारा, टिनाचं छप्पर. माझ्या अंगातून पाण्याच्या धारा. "धूळ उडते," तो म्हणाला. "तुमाले गरम होत असंल तर घरी कूलर हाय." टोमणा मी गिळला आणि बसून राहिलो.

काचेच्या वाटीत त्यानं लॅकर घेतलं, त्यात थिनर घातलं, पाण्यासारखं पातळ केलं. खारीच्या केसांचा बारीक ब्रश, टोकाला मोजून चार केस. जिथून तुकडा निघाला होता त्या कडेला ब्रशचं टोक नुसतं टेकवलं. घासलं नाही, लावलं नाही, नुसतं टेकवलं. आणि मी पाहिलं, तो थेंब आपणहून त्या सुटलेल्या थराखाली ओढला गेला. कागदावर तेल पसरावं तसा. पांढुरकेपणाची कड एक बोटभर मागं सरली आणि तिथून मधाचा रंग पुन्हा वर आला.

तो श्वास रोखून होता. मीही रोखला होता, ते नंतर कळलं.

दुसरा थेंब त्यानं लगेच दिला नाही. मेण लावलेला कागद ठेवला, त्यावर वाळूची चपटी पिशवी, उशीसारखी. "जास्त पाजलं तर वरचाच थर विरघळते," तो म्हणाला. "तहान लागली तेवढंच द्यायचं." दिवसाला तीन-चार थेंब. असं करत चार दिवसांत तळहाताएवढी साय पुन्हा काच झाली. माझ्या दुकानात मी ठठेऱ्यांचं काम रोज पाहतो, ठोक्यागणिक पितळ गोल होताना बघण्यात मला अजूनही सुख वाटतं. पण ठोका न मारता वस्तू सरळ करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग तुकडा. पुडीतून चिमट्यानं काढला, उलटसुलट करून पाहिला, आणि ज्या अंगानं निघाला होता त्याच अंगानं बसवला. पण माझ्या अंगठ्यानं त्याची एक कड चुरली होती. तिथं केसाएवढी फट राहिली. ती त्यानं थेंब थेंब भरली. रोज एक थेंब, रोज तो वाळून खाली बसणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. भरणी वर आली तेव्हा दाढीचं पातं घेतलं. पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, मधली धार तेवढी उघडी. ती पट्टी जुन्या थरावरून सरकायची आणि धार फक्त उंचवट्याला लागायची. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिशपेपर, मग खडूची पूड आणि तेल, शेवटी जुन्या धोतराचा तुकडा. हातात कुठं घाई नाही. मला घाईच्या माणसांची सवय. मी स्वतः घाईचा. त्या ओट्यावर मात्र मी तीन आठवडे मुकाट्यानं बसलो, आणि शेवटचे दोन दिवस बहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणासाठी बेसाच्या पलीकडे तिच्या गावी जावं लागलं, तेव्हा तिथं जेवताना माझं लक्ष इकडे होतं.

परत आलो तर गिटार तयार. तारा चढवलेल्या. मी घोडीखाली बघितलं. तिरप्या उजेडात धरली, उलटी केली, चष्मा लावला. काही नाही. ठरलेली रक्कम दिली, एक पैसा कमी केला नाही. वर काही दिलंही नाही.

मुलीनं घरी ती मांडीवर घेतली. आवाज तोच. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला आणि मग पुन्हा चढला.

"बाईंना सांगायचं ना?"

"काय सांगायचं? दिसतं का काही?"

"त्यांनी विचारलं तर मी खोटं नाही बोलणार."

"विचारणारच नाहीत. जे दिसत नाही ते कोणी विचारत नाही."

बाई परतल्या तेव्हा मुलीबरोबर मी स्वतः गेलो गिटार पोचवायला. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्या व्हरांड्यात. बाईंनी मला पाहून भुवई वर केली, पण बसा म्हणाल्या. गिटार मांडीवर घेतली. मी घोडीखालच्या जागेकडे न बघायचं ठरवून कुंडीकडे बघत होतो. त्यांनीही तिकडे पाहिलं नाही. तारा लावल्या, एक सूर छेडला, मान हलवली. मी सुटलो.

आणि मग त्यांचा अंगठा सवयीनं भोकाच्या बाजूला गेला. तिथं तो थांबला. मागंपुढं फिरला. आपल्या दंडावरचा देवीचा व्रण शोधावा तसा.

"इथला डाग कुठं गेला?"

"कोणता डाग?" मी म्हणालो. अगदी खरं बोललो. मला ठाऊकच नव्हता.

"कांडी पडली होती माझ्या हातून. लहान होते. तेव्हापासून इथं थर उचललेला आहे. होता." त्यांनी चष्मा लावला. "कलकत्त्याच्या दुकानदारानं सांगितलं होतं, सगळं खरवडल्याशिवाय हा जाणार नाही. हा कोणी काढला? आणि का काढला?"

मी सगळ्या आयुष्यात इतका अडकलो नव्हतो. त्या चिंचोक्याएवढ्या जागेचा भाव मी केला नव्हता, ती मी बघितलीही नव्हती. मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात मुलीनं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कूलर, स्टूल, गादी, माझा अंगठा, पुडी, मिस्त्री. काहीही वगळलं नाही आणि माझ्यावर ढकललंही नाही. "आम्ही ठेवली," असं म्हणाली.

बाईंनी गिटार उजेडाकडे तिरकी केली. बराच वेळ शोधत राहिल्या. शेवटी घोडीखाली केसासारखी एक गोल रेघ त्यांना सापडली. मला ती तोवर दिसली नव्हती.

"कूलरसमोर," त्या म्हणाल्या.

"तुम्ही झळ लागू देऊ नको म्हणाला होतात," मी म्हणालो. आवाज चढला होता, मला ठाऊक आहे. "आमच्या घरात त्याहून गार जागा नाही. माझी खाट होती तिथं."

"मग तुम्ही कुठं झोपत होता?"

"गच्चीवर."

"आणि दुपारी?"

"स्वयंपाकघराच्या दारात, चटईवर."

बाई हसल्या नाहीत. पण वही मिटताना जो चेहरा होता तो हा नव्हता. त्यांनी गिटार उचलली आणि माझ्यासमोरून मुलीच्या मांडीवर ठेवली. "स्वतःची येईपर्यंत ही घरी ने. यांना हात लावू देऊ नकोस." मग मला विचारलं, "तो मिस्त्री कुठं बसतो? माझ्याकडे एक जुना तंबोरा आहे."

मी पत्ता सांगितला आणि तिथून सरळ त्याच पत्त्यावर गेलो. डोकं तापलेलं होतं.

"मी काय सांगितलं होतं? फक्त घोडीखालचं. वरचं करायचं नाही."

त्यानं रेडिओवरून मान वर केली नाही. "वरच्याचे पैसे घेतले का?"

"नाही घेतले. म्हणूनच विचारून राहिलो. न घेता काहून केलं?"

"वाटीत लॅकर उरलं होतं," तो म्हणाला. "सांजेपर्यंत वाळून गेलं असतं."

मी खिशातून पैसे काढले आणि ओट्यावर ठेवले. चिंचोक्याएवढ्या जागेचे. त्यानं सरकवून परत केले. मी वाढवून ठेवले. त्यानं पुन्हा सरकवले. मी आणखी वाढवले. समोरचा पानवाला हात पुसत बघायला आला, कारण त्या गल्लीत मी रक्कम वर नेतो आहे आणि समोरचा खाली आणतो आहे असं त्यानं आधी पाहिलं नव्हतं. शेवटी मिस्त्रीनं नोटा गोळा करून माझ्या वरच्या खिशात घातल्या, खिसा थोपटला आणि पंखा बंद केला. काम सुरू करायचं होतं.

मी पायरीवर बसून राहिलो. राग होताच. पण ब्रश टेकणार होता, आणि ते बघितल्याशिवाय मला उठवेना.